हवेनं धरलेला वाडगा

लेथवर लाकडी वाडगा कातणाऱ्याची खरी पंचाईत अगदी शेवटी होते. बाहेरचा आकार झाला, आतून पोकळ झाला, पॉलिश पेपर फिरून झाला. उरतो तो बुडाशी असलेला ओबडधोबड गोल उंचवटा. इतका वेळ चकच्या जबड्यांनी वाडगा धरून ठेवला होता तो यालाच. तो काढायचा तर वाडगा उलटा चढवायला हवा, आणि उलटा वाडगा धरायचा कशाला? काठाला जबडे लावावेत तर वळ उठतात. रबरी गुट्ट्यांचे मोठे जबडे मिळतात, पण त्यांची पकड बेताची, आणि काठ झाडाच्या सालीसकट वरखाली ठेवलेला असेल तर ते कामाचेच नाहीत. लाकडी ठोकळ्यावर वाडगा दाबून बसवायचा आणि समोरून टेलस्टॉकचा आधार द्यायचा, हा जुना उपाय आजही वाईट नाही. मात्र टेलस्टॉकच्या टोकाखाली मधोमध एक मोड उरतो आणि तो हातानं छिलत बसावं लागतं. लाटणी, पाळण्याचे खांब, पलंगाचे पाय कातणाऱ्या आपल्याकडच्या कातारी मंडळींना हा प्रश्न फारसा छळत नव्हता, कारण त्यांचं बरंचसं काम दोन टोकांमध्ये धरूनच होतं. वाडग्याची गोष्ट वेगळी.

व्हॅक्यूम चक हे यावरचं सगळ्यात सुटसुटीत उत्तर. लेथच्या स्पिंडलवर एक पोकळ डबा बसवायचा, त्याच्या तोंडाला फोमची कडी चिकटवायची, वाडगा त्यावर पालथा टेकवायचा आणि स्पिंडलच्या पोकळीतून डब्यातली हवा काढून घ्यायची. वाडगा जागच्या जागी बसतो. बूड पूर्ण मोकळं, ना जबडा आडवा येतो ना स्क्रू. बाजारात तयार संच मिळतात, पण पंपासकट त्यांची किंमत काही शे डॉलरच्या घरात जाते. म्हणूनच अमेरिकेतल्या हौशी लाकूड कातणाऱ्यांच्या क्लबांत घरगुती संच हा प्रात्यक्षिकांचा नेहमीचा विषय आहे. एकानं भंगारातला पंप आणायचा, दुसऱ्यानं बेअरिंग, तिसऱ्याकडे पाइपाचे तुकडे असतातच. आपल्याकडे तर यातली जवळपास प्रत्येक वस्तू पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत गोळा होईल.

हे काम स्वस्तात होतं याचं श्रेय कारागिराच्या हुशारीला थोडं आणि भौतिकशास्त्राला बरंचसं द्यायला हवं. इथं उत्तम निर्वात लागतच नाही. बेताचा निर्वात, पुरेसं क्षेत्रफळ आणि गळतीपेक्षा जास्त हवा खेचणारा पंप, एवढं जमलं की झालं.

पंप वाडग्याला ओढत नाही, हे आधी पक्कं करून घेऊ. तो फक्त आतली हवा काढतो. वाडग्याला डब्यावर दाबून धरते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला हा दाब प्रत्येक चौरस सेंटीमीटरला साधारण १.०३ किलो असतो, म्हणजे ७६० मिलीमीटर पाऱ्याइतका. पंपाच्या मीटरवर ५०० मिलीमीटर दिसत असतील तर यातले सुमारे ०.६८ किलो आपल्या कामी येतात. पुढचा हिशेब गुणाकाराचा. आतून ७ सेंटीमीटर व्यासाचा डबा असेल तर वाडग्यावर सुमारे २६ किलोंचा दाब पडतो. १० सेंटीमीटरचा घेतला की ५३ किलो, आणि १५ सेंटीमीटरचा घेतला की १२० किलो. पंप तोच, मीटर तोच. वाढला तो फक्त पाइपाचा व्यास. व्यास दुप्पट केला की पकड चौपट होते. तेव्हा मीटरचा काटा ५०० वरून ६०० वर न्यायला महागडा पंप घेण्याआधी वाडग्यात मावेल तेवढा मोठा डबा घ्यावा.

माग्डेबुर्गचा ओटो फॉन गेरिके यानं १६५७ साली दोन धातूचे अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्हीकडे आठ-आठ घोडे जुंपूनही ते सुटेनात, हा प्रयोग शाळेच्या पुस्तकातून सगळ्यांना माहीत असतो. त्यातला आपल्या उपयोगाचा तपशील वेगळाच आहे. अर्धगोलांच्या सांध्यात त्यानं मेण आणि टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चामड्याची कडी घातली होती. साडेतीनशे वर्षांनंतरही सांध्यातली कडी हाच या खेळातला कळीचा भाग आहे. (जाता जाता: एका बाजूचे आठ घोडे सोडून तिथं भिंतीतली कडी वापरली असती तरी ओढ तेवढीच राहिली असती. पण मग तमाशा कसला!)

एक गोष्ट घाटावरच्या वाचकांसाठी. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे पकडही कमी. पुण्याला हवेचा दाब साधारण ७१० मिलीमीटर भरतो, महाबळेश्वरला ६४५ च्या आसपास. तिथं जगातला सर्वोत्तम पंप लावला तरी काटा त्यापुढे सरकणार नाही. पंपाला दोष देऊ नये.

आता पंप. याबाबत सल्ले पुष्कळ मिळतात आणि त्यातले निम्मे अर्धवट असतात, कारण निर्वात किती खोल आणि हवा किती खेचली जाते या दोन स्वतंत्र गोष्टींची गल्लत होते. घरातला व्हॅक्यूम क्लीनर धो धो हवा खेचतो, पण तोंड बंद केलं तर जेमतेम १५० मिलीमीटरपर्यंत पोचतो. तरीही २० सेंटीमीटरच्या डब्यावर त्याची पकड साठेक किलो होते, आणि मोठ्या पसरट थाळ्याला तेवढी पुरते. अडचण अशी की बहुतेक क्लीनरची मोटर त्याच खेचलेल्या हवेवर थंड राहते. तोंड पूर्ण बंद करून दहा मिनिटं चालवलात तर जळका वास येईल. नळीत एक छोटं भोक मुद्दाम उघडं ठेवावं लागतं.

जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर याच्या नेमका उलट. निर्वात झकास, पण हवेची खेच अगदी किरकोळ. थोडी गळती झाली की काटा खाली. शिवाय तो तेल उडवतो आणि तापतोही, कारण त्याला थंड ठेवणारा गॅस आता फिरत नसतो. तो हवाच असेल तर रिपेअरिंगवाल्याकडून गॅस काढून घेतलेला आणावा. स्वतः नळी कापायला जाऊ नये: जुन्या फ्रिजमधला गॅस ओझोनचा वैरी, आणि नव्या फ्रिजमध्ये बहुधा आयसोब्युटेन असतो, जो पेट घेतो.

एसी बसवणाऱ्यांकडे असतो तो तेलाचा व्हॅक्यूम पंप हा मधला, व्यवहारी पर्याय. पाव हॉर्सपॉवरचा छोटा पंपही मिनिटाला ७० ते १०० लिटर हवा खेचतो आणि नवा चार-पाच हजारांपासून मिळतो. तो बनवलेला असतो बंद नळ्यांतली हवा पूर्ण काढून टाकायला. आपण त्याला सतत गळक्या लाकडावर राबवतो, म्हणून त्याच्या तोंडातून तेलाचा धूर निघतो. धुराचं तोंड नळी लावून खिडकीबाहेर काढावं आणि तेल वेळेवर बदलावं.

माझी पसंती मात्र कार्बनच्या पात्यांच्या कोरड्या पंपाला. ऑफसेट छपाईच्या यंत्रात कागदाचा एकेक ताव उचलायला असेच पंप असतात. दिवसभर न थांबता चालायचं, तेलाचा थेंब नाही, खेच भरपूर. निर्वात तेलाच्या पंपाइतका खोल जात नाही, पण आपल्याला तितका हवाच कुठंय? छापखाना बंद होताना किंवा यंत्र बदलताना हे पंप भंगारात निघतात. घेताना चालू करून बघावा, तोंडावर तळवा ठेवावा आणि कोळशासारखी काळी भुकटी बाहेर पडत असेल तर पाती संपत आलीत असं समजून भाव पाडावा.

खरी गंमत आहे ती फिरत्या सांध्यात. स्पिंडल फिरतो, पंपाची नळी स्थिर. दोघांना हवाबंद जोडायचं कसं? बाहेरून मागवलेला असा सांधा महाग पडतो, घरी तो एका बेअरिंगवर होतो. अट एकच: लेथचा स्पिंडल आरपार पोकळ हवा. दोन नंबर मोर्स टेपरच्या बहुतेक छोट्या लेथमध्ये साधारण ९-१० मिलीमीटरचं भोक असतं. स्पिंडल भरीव असेल तर मशीन शॉपमध्ये विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

६२०० नंबरचं, दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलं बेअरिंग घ्यायचं. आतला व्यास १० मिलीमीटर, बाहेरचा ३०, जाडी ९. आता झुंबरं आणि टेबललॅम्प बनवणाऱ्यांच्या दुकानातून बाहेरून आटे पाडलेली १० मिलीमीटरची पोकळ नळी आणायची, जिच्यातून दिव्याची वायर जाते. ती बेअरिंगच्या भोकात सरकते. दोन्ही बाजूंनी पातळ नट आवळून बेअरिंगची आतली कडी तिच्यावर पक्की करायची. आट्यांच्या खाचांतून हवा हमखास शिरते, म्हणून नट आवळण्याआधी टेफ्लॉन टेपचे वेढे द्यायचे. नळीचं दुसरं टोक नायलॉनच्या किंवा चिवट लाकडाच्या निमुळत्या बुचात बसवायचं, आणि हे बूच स्पिंडलच्या मागच्या तोंडात घट्ट दाबायचं. झाला फिरणारा अर्धा भाग.

स्थिर अर्ध्या भागासाठी नायलॉनच्या दांड्याचा एक तुकडा त्याच लेथवर कातून घ्यायचा: एका बाजूनं बेअरिंगची बाहेरची कडी घट्ट बसेल असं ३० मिलीमीटरचं घर, दुसऱ्या बाजूनं नळीचा निपल, मध्ये आरपार भोक. बेअरिंग घरात बसवताना कडेला एपॉक्सीचा अगदी पातळ हात. तो बेअरिंगच्या सीलवर ओघळला तर बेअरिंग गेलं म्हणून समजा. हे सगळं निसटून मागे येईल अशी भीती वाटते, पण होतं उलट. पंप सुरू झाला की बाहेरची हवा सांध्याला सुमारे पाच किलोंच्या जोरानं स्पिंडलकडेच दाबते आणि निमुळतं बूच आणखी घट्ट होतं. एवढा भार या बेअरिंगच्या खिजगणतीत नाही. पंपाची नळी तेवढी लेथच्या पायाला सैल बांधून ठेवावी, म्हणजे ती बेअरिंगबरोबर फिरू पाहणार नाही.

रबरी सील तेलपाणी अडवण्यासाठी असतं, निर्वातासाठी नव्हे, त्यामुळे तिथून थोडी हवा येणारच. येऊ द्या. पंप सतत चालू असतो, आणि शून्य गळतीचा हट्ट धरणारे लोक या छंदात फार पैसे घालवतात.

डब्यासाठी पीव्हीसी पाइप. ७५, ११० आणि १६० मिलीमीटरचे वीतभर तुकडे प्लंबरकडे पडलेले असतात आणि या तिघांत बहुतेक वाडगे भागतात. फेसप्लेटवर जाड एमडीएफची चकती स्क्रूनं बसवायची, लेथवरच तिच्यात पाइपाच्या जाडीची गोल खाच कातायची आणि पाइप एपॉक्सीनं चिकटवायचा. दुसऱ्या दिवशी लेथ सुरू करून पाइपाचं तोंड कातून सरळ आणि किंचित गोलसर करायचं. हे पाइप चिकटवल्यानंतरच करायचं, नाहीतर डबा डुलत राहील. मग आतून एमडीएफला वॉर्निशचे दोन-तीन भरपूर हात द्यायचे. एमडीएफ दिसायला घट्ट, पण हवेच्या दृष्टीनं ती चाळणीच. सीएनसी राउटरवाले तर टेबलावर एमडीएफचा पत्रा टाकून त्याच्यातूनच आरपार हवा खेचतात आणि वरचा माल धरून ठेवतात. फेसप्लेट आणि स्पिंडलच्या आट्यांतूनही हवा येते; मध्ये एक पातळ रबरी वायसर टाकला की तो प्रश्न मिटतो.

फोम निवडताना तोंडानं फुंकून बघावं. हवा आरपार गेली तर तो स्पंज, टाकून द्या. आतले बुडबुडे एकेकटे बंद असलेला फोम हवा: शाळेच्या हस्तकलेला मिळतो तो, किंवा हवाई चपलेच्या तळाचा. जाडी सूतभर, फार तर दीड सूत. जाड फोम मऊ वाटतो आणि मनाला धीर देतो, पण पटाशी टेकली की वाडगा त्याच्यावर डुलतो.

एवढं करून मीटर निम्म्यावरच अडखळला तर दोष लाकडाचा असू शकतो. लाकूड म्हणजे मुळात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा. वाडग्याच्या दोन बाजूंना या नळ्यांची कापलेली तोंडं उघडी पडतात. सागवानात मोठी छिद्रं वर्षवलयाच्या कडेनं ओळीनं असतात, आणि बुरशीनं नक्षी उमटलेलं लाकूड तर दिसतं सुंदर आणि गळतंही तितकंच. अशा वेळी बाहेरून सँडिंग सीलरचा हात द्यावा, किंवा जिथं पटाशी चालवायची नाही त्या भागाला स्वयंपाकघरातली चिकटणारी प्लास्टिक फिल्म गुंडाळावी. काटा लगेच चढतो.

गळती शोधण्याची रीत सोपी आहे. आधी स्पिंडलच्या तोंडावर तळवा दाबून आकडा बघा: हा पंप आणि सांध्याचा. मग डबा चढवून त्याच्या तोंडावर ॲक्रिलिकचा सपाट तुकडा ठेवा: हा डब्याचा. शेवटी वाडगा. पहिले दोन आकडे मार्करनं भिंतीवर लिहून ठेवले की नंतर कधी पकड कमी झाली तर कुठं बघायचं ते कळतं.

पंप आणि लेथच्या मधल्या नळीत तीन वस्तू लागतात. लाकडाचा भुसा अडवायला मोटारसायकलचा पेट्रोल फिल्टर पुरतो. टी टाकून व्हॅक्यूमचा मीटर. आणि आणखी एक टी टाकून साधा व्हॉल्व्ह, बाहेरची हवा आत सोडण्यासाठी. या व्हॉल्व्हला लोक सहज वगळतात, आणि मग वाडगे फुटतात. २५ सेंटीमीटरचा वाडगा सपाट चकतीवर काठानं टेकवला आणि काटा ५०० वर नेला, तर त्याच्या पाठीवर ३३० किलोंहून जास्त दाब येतो. भिंत चार मिलीमीटरची असेल तर तो आत कोसळायला वेळ लागत नाही. पातळ कामाला व्हॉल्व्ह उघडा ठेवून २०० च्या आसपास थांबावं. व्हॉल्व्हचा दुसरा उपयोग असा की थोडी हवा सोडून वाडगा अर्धवट सैल ठेवता येतो आणि बोटानं ढकलून मध्यावर आणता येतो. बुडावर मधोमध आधीच टोकाची खूण करून ठेवली असेल तर टेलस्टॉक त्या खुणेत टेकवून हवा खेचायची, मध्य आपोआप जुळतो.

पकडीचे आकडे मोठे दिसतात, पण त्यांच्यावर भाळू नये. हा सगळा दाब अक्षाच्या दिशेनं आहे. पटाशीचा झटका येतो आडवा, आणि त्याला अडवतं ते फक्त फोमचं घर्षण. टेलस्टॉक शेवटच्या क्षणापर्यंत लावून ठेवायचा. पटाशी नुकतीच परजलेली, काप हलके, वेग कमी, तोंडावर पूर्ण शील्ड. लेथ थांबल्यावरही पंप चालूच, आणि पंप बंद करण्याआधी एक हात वाडग्याखाली.

राहिला आपल्या भागातला हमखास प्रश्न: मध्येच वीज गेली तर? लेथ आणि पंप दोन्ही बंद पडतात, पण लेथ लगेच थांबत नाही. त्या काही सेकंदांसाठी नळीत मोटारीच्या ब्रेक बूस्टरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवावा आणि त्याच्या लेथकडच्या बाजूला जुन्या एअर कॉम्प्रेसरची एखादी छोटी टाकी जोडावी. टाकीतला निर्वात गळती सहन करत वाडगा तेवढा वेळ धरून ठेवतो. काचेची बरणी किंवा पाण्याचा प्लास्टिक कॅन टाकी म्हणून चालणार नाही, दोन्ही आत फुटतात.

खरेदीचा क्रम लोक बहुधा उलटा लावतात: आधी पंप, मग बाकीचं. तुम्ही मीटर आणि बेअरिंगपासून सुरुवात करा, सांधा आणि दोन डबे बनवा, ओळखीच्या एसी मेकॅनिकचा पंप एका रविवारपुरता मागून आणा आणि गळती मोजा. काटा ५०० वर टिकला तर तेवढाच पंप घ्या. न टिकला तर जास्त खेचणारा घ्या. त्याहून मोठ्या पंपाला या कामात काही काम नाही.